दुसऱ्याचा दगड

तीर्थस्वरूप मामांस,

रडतोंड्या भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या सगळ्यांनाच वाकून नमस्कार चालू आहे, शाळेच्या शिपायालासुद्धा. तो बिचकून आता मागच्या दाराने जातो.) तुमची प्रकृती उत्तम असेल असं लिहायची रीत आहे, पण फोनवर तुमचा खोकला माझ्या कानांनी ऐकला असताना तसं लिहिणं मला जमत नाही. गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी घेता, की खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघता? मामी जाऊन आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत तुम्ही एकदाही टेबलाशी बसून जेवला नाहीत, ओट्याशी उभं राहून पातेल्यातूनच खाता, अशी पक्की खबर तुमच्या शेजारच्या काकूंकडून मिळाली आहे. त्यांना बोलू नका, मीच खोदून खोदून विचारलं.

माझी खुशाली कळवायची म्हणजे कळवण्यासारखं फारसं काही नाही. तुमच्याच शब्दाखातर मिळालेली शाळेतली नोकरी अजून आहे (हे पत्र वाचून होईपर्यंत तरी आहे). खोली तीच, खेळाच्या सामानाची. फुटबॉल गेले, पण त्यांचा वास गेला नाही, आणि जाळी टांगायच्या आकड्याला माझी छत्री बाराही महिने लटकते. तोंडाचे व्यायाम करून घ्यायला जो आरसा दिला आहे तो मधोमध तडकलेला, त्यामुळे प्रत्येक मुलाला स्वतःची दोन तोंडं दिसतात आणि यातलं कुठलं हलवू, असं ते विचारतात. तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष, तुमच्यापुढे आरशाचा अर्ज तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा तुम्ही ‘पाहिले’ असं लिहून सही केलीत. आरसा मात्र कोणी पाहिला नाही. असो. अशा त्या खोलीत तेरा ते सोळा वयाची मुलं माझ्याकडे येतात. कोणी बोलताना अडखळतं, कोणाचं वाक्य जुळत नाही, कोणाला वाचताना शब्द हाती लागत नाही. लोकांना वाटतं मी त्यांना बोलायला शिकवते. खरं सांगायचं तर दिवसातले चार तास मी गप्प बसून वाट बघते, आणि उरलेल्या दोन तासांत त्याचे अहवाल लिहिते.

आता मूळ गोष्टीकडे येते. नववीत एक मुलगी आहे. शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे ‘पॉज’ म्हणतात, कारण काही विचारलं की ती आधी थांबते. थांबते म्हणजे किती, तर विचारणाऱ्याला आपण काय विचारलं होतं ते विसरायला होतं. बोलताना अडखळतेही, ते खोटं नाही. ही ▇▇▇▇ (इथला शब्द खोडलेला दिसेल. शाई सांडलेली नाही. कारण शेवटी) पोरगी दोन वर्षं माझ्याकडे येते आहे, आणि येत्या वीस तारखेला तुमची समिती तिचं काय करायचं ते ठरवणार आहे. वाचनाचा वेग वाढला नसेल तर नववीतून काढून मागच्या इमारतीत पाठवायचं, जिथे मुलं कागदी पिशव्या चिकटवतात आणि त्यांच्या हाती पुस्तक कोणी देत नाही. एकदा तिकडे गेलेलं मूल परत वर्गात आलेलं मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलं असेल तर कळवा, तेवढाच मला धीर येईल.

वेग मोजायला समितीने जो उतारा दिला आहे तो तुम्हाला आठवत असेल (नसेल). एक मुलगा आजोबांच्या शिडाच्या होडीतून तळ्यावर फिरायला जातो. आमच्या मुलांपैकी एकानेही शिडाची होडी पाहिलेली नाही, आणि ज्यांना आजोबा आहेत त्यांचे आजोबा खुर्चीतून उठायला दोन माणसं मागतात. खाली प्रश्न, होडीत बसल्यावर मुलाला काय वाटलं? सगळी मुलं ‘आनंद वाटला’ असं घोटून सांगतात. पॉज सव्वा मिनिट थांबली आणि म्हणाली, मला कसं कळणार, मी तिथे नव्हते. मी शून्य गुण दिले. वेगाचं तर विचारूच नका. मिनिटाला नव्वद शब्द हवेत, तिचे एकवीस झाले. वर आणखी मी अहवालात नोंद केली की विद्यार्थिनीची नजर ओळीच्या शेवटाकडे जाते आणि तिथून मागे मागे येते. या नोंदीखाली मी लाल रेघसुद्धा मारली. मोठा रोग पकडल्याचा आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू?

मग आलं तुमचं परिपत्रक. मुलांच्या घरच्या वातावरणाशी आणि संस्कृतीशी नातं सांगणारं वाचनसाहित्य वापरावं, असं. त्यासाठी आम्हाला एक दिवसाचं प्रशिक्षणही झालं. एका बाईंनी भिंतीवर दीडशे चित्रं दाखवली, प्रत्येक चित्रात वेगळ्या रंगाच्या कपड्यातलं एक मूल एकच पुस्तक धरून हसत होतं. दुपारच्या चहानंतर पंखा बंद पडला आणि मला तिथेच डुलकी लागली, त्यामुळे पुढचं नातं कसं जोडायचं ते राहून गेलं. तरी मी मनावर घेतलं. पॉजचे वडील आपल्या दफनभूमीतल्या दगडांवर नावं कोरतात, गावात दुसरा कोरणारा नाही. म्हणून मी रविवार खर्ची घालून ‘दगडाचे मनोगत’ नावाचा उतारा स्वतः लिहिला. डोंगर, छिन्नी, दगडाचे अश्रू, सगळं होतं त्यात. तिने तो बारा मिनिटं वाचला आणि सांगितलं की या जातीचा दगड असा फुटत नाही. बाकी बरा आहे, असंही म्हणाली, पण ते मला बरं वाटावं म्हणून. मी हात टेकले आणि तिला म्हटलं, तुझ्या घरी जे वाचतात ते घेऊन ये.

तिने गुंडाळी आणली. दगड कोरायच्या आधी मजकूर जसाच्या तसा मोठ्या कागदावर पेन्सिलीने काढतात, त्या कच्च्या प्रती. मामा, पुढचे दीड महिने त्या खोलीत मी आणि ती मेलेल्या माणसांमध्ये राहिलो. प्रेमळ पिता. सर्वांना हवीहवीशी. अकाली गेला. रोज अकरा वाजता कोणीतरी अकाली जायचं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मला लग्नाच्या पत्रिकेतही दुःखाची छाया दिसते, त्यात हे. पण ती वाचत होती. हळू, एकेक अक्षरावर बोट ठेवून, आणि दीड महिन्यात एकही शब्द चुकली नाही. बाहेर बाकावर वाट बघणारा आठवीतला मुलगा, जो दोन वर्षांत माझ्यापुढे जेमतेम सहा वाक्यं बोलला, तोही म्हणाला की मला पण होडी नको, मला मेलेली माणसं द्या. याच काळात मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातून जात असताना आत पॉज एका जुन्या मुख्याध्यापकांचा मजकूर मोठ्याने वाचत होती. (जुना दगड तडकला म्हणून नवा करायचा होता.) बाईंनी नाव ऐकलं, ‘चिरनिद्रा’ ऐकलं, आणि तडक जाऊन घंटा वाजवली. साडेपाचशे मुलं मैदानात उभी करून दोन मिनिटं शांतता पाळली. शोकसभेचा फलक लिहायला घेतला तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की सर जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्यांना खांदा देणाऱ्यांच्या मागे त्या स्वतः चालत होत्या. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. पहिल्यापासूनच कमी बोलायच्या, त्यामुळे फरक जाणवायला मला आठवडा लागला.

शेवटी एका मंगळवारी मी तिच्या घरी गेले. पुढे कारखाना आणि मागे दोन खोल्या. सगळ्यावर पांढरी भुकटी, चहाच्या कपावरसुद्धा. खिळ्यांना कच्च्या प्रती टांगलेल्या. (त्यातल्या एका प्रतीबद्दल खाली लिहिते.) वडील एका प्रतीपुढे उभे होते आणि शेवटच्या शब्दापासून उलटे, मागे मागे वाचत होते. मला वाटलं, आनुवंशिक आहे! वहीसुद्धा काढली मी पिशवीतून. त्यांनी ते पाहिलं असावं, कारण न विचारता सांगितलं, “पुढून वाचलं ना बाई, की डोकंच पुढचं बोलून मोकळं होतं, डोळा काही बघतच नाही. कागदावर चुकलं तर खोडता येतं. दगडावर काय खोडणार?” म्हणून त्या घरात आधी शेवटून वाचतात आणि मग सुरुवातीपासून. पोरगी चार वर्षांची असल्यापासून शेजारी बसून हेच करते आहे. आणि वाचून पूर्ण झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, हा दुसरा नियम, कारण समोर जे बसलेले असतात त्यांच्या घरचं माणूस गेलेलं असतं, आणि त्यांच्यापुढे चुकीचं नाव उच्चारलेलं परत घेता येत नाही. तिथे कोणी नुसती सही करत नाही. ज्याने वाचलं तो खाली ‘वाचून पाहिले’ असं लिहितो, आणि घरच्या माणसाने समोर मोठ्याने वाचल्याशिवाय छिन्नी हातात घेतली जात नाही.

मी वही परत पिशवीत ठेवली. येताना रस्त्याने मला स्वतःची इतकी शरम वाटली की कंबर दुखायची राहिली. मी दोन वर्षं घड्याळ लावून ज्या गोष्टीला रोग म्हणत होते, ती त्या घरची रीत होती, आणि चांगली रीत होती. अडखळणं वेगळं, त्यावर काम करायला हवंच. पण थांबणं तिचं स्वतःचं आहे.

इथे पत्र संपलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणाला असतात, रडतोंडीला उशिरा का होईना अक्कल आली. पण शुक्रवारी अहवाल पाठवायची मुदत होती, माझ्यापुढे सतरा मुलांचे अहवाल होते, आणि मी नेहमीच्या सवयीने भराभर लिहून ते निळ्या पाकिटात घालून तुमच्या कचेरीकडे रवाना केले. नियमाप्रमाणे चौदा वर्षांवरच्या मुलाने आपल्या अहवालाच्या दुसऱ्या प्रतीवर सही करायची असते. मुलं अर्ध्या मिनिटात सही ठोकून पळतात. सोमवारी मी पॉजपुढे कागद ठेवला. तिने सही केली नाही. पेन बाजूला ठेवलं, शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि मागे मागे यायला लागली. पस्तीस मिनिटं लागली. (बाहेरचा आठवीतला तोवर घरी निघून गेला.) चौथ्या परिच्छेदावर बोट थांबलं. मला वाटलं, अवघड शब्द आला असेल. तिथे मी लिहिलं होतं, ‘घरी वाचनाचे वातावरण नाही. पालक याबाबत उदासीन आहेत.’ ती खूप वेळ थांबली आणि मग एकदाही न अडखळता म्हणाली, “बाई, हे आमचं नाही. दुसऱ्याचा दगड आलाय.”

चुकून एका घरची प्रत दुसऱ्या घरी गेली तर ते लोक असं म्हणतात. ती रागावली नव्हती, तिला खरंच वाटलं की कोणाच्या तरी कागदाची अदलाबदल झाली आहे, आणि ज्याचा हा आहे त्याला तो परत द्यायला हवा. मी कपाट उघडलं. मामा, चौथा परिच्छेद सगळ्यांना तोच आहे. सहा वर्षं, एक्केचाळीस मुलं. वडील वर्तमानपत्र वाटतात त्या मुलाला तो आहे. आई न्यायालयात टंकलेखन करते त्या मुलीलाही आहे. पहिल्यांदा तो कोणासाठी लिहिला आणि त्याच्या बाबतीत तरी खरा होता का, हे मला आठवत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी एक्केचाळीस वेळा सही केली, तुम्ही याआधी आलेल्या प्रत्येकावर केलीत. आणि मी, मी तर तो लिहीत होते म्हणजे उतरवत होते, वाचत मीही नव्हते. त्यातली नऊ मुलं मागच्या इमारतीत गेली. मी पाठवली म्हणायला हवं. पॉज कागद पुढे धरून बसली होती आणि मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी आरशात पाहिलं, तर तिथे माझीच दोन तोंडं.

वाईट वाटतं म्हणून लिहिते आहे असं समजू नका. वाईट मला रोजच वाटतं, त्यासाठी मी कधी टपालाचा खर्च केलेला नाही. इथलं हवामान ढगाळ आहे. छत्री आकड्यालाच आहे. तुम्ही जपा, गोळी घ्या, आणि निदान रविवारी तरी बसून जेवा.

आज्ञाधारक (निदान आतापर्यंत),
तुमची रडतोंडी

ता. क. ते निळं पाकीट तुमच्या टेबलावर डावीकडच्या गठ्ठ्यात असेल. सही करू नका. कचेरीत विचारलं, तर कारकून म्हणाला की आलेला अहवाल अध्यक्षांशिवाय कोणालाही परत पाठवता येत नाही. चौथा परिच्छेद वाचा आणि ‘खोटे’ असा शेरा मारून परत पाठवा. नवा अहवाल सोबत जोडला आहे. त्यात घरच्या वाचनाबद्दल पानभर लिहिलं आहे आणि घड्याळ कुठेही नाही. उरलेल्या चाळीस मुलांची यादीही आहे, नऊ जणांच्या नावापुढे खूण केली आहे. माझ्यावर काय कारवाई करायची ते कलम मीच शोधून ठेवलं आहे, पान बावीस. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही सगळ्यालाच ‘बरं बरं, करून टाकू’ म्हणता.

ता. क. दुसरं. कारखान्यातल्या खिळ्यावरची ती प्रत मामीची आहे. आठ महिने तिथेच आहे. तुम्ही निरोप पाठवला होतात, ठीक आहे, करून टाका. असल्या निरोपावर ते कोरत नाहीत. मजकूर तुम्ही मला लिहायला सांगितला होतात, आणि मी तो दफनभूमीच्या रखवालदाराच्या हाती चिठ्ठीने पाठवला होता, ते तुम्हाला आठवत असेल. काय पाठवलं ते आता सांगते. तेव्हा मला काही सुचत नव्हतं, म्हणून मामीच्या शेजारच्या दगडावरचं उतरवून दिलं, नाव आणि तारखा तेवढ्या बदलल्या. ‘शांत, सोशिक आणि मितभाषी.’ आपली मामी, मामा! जी रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी भांडायची आणि जिचं हसू ऐकून तुमच्या गल्लीतले लोक घड्याळ लावायचे! पॉजने मंगळवारी ती प्रत माझ्यापुढे धरली होती. तेव्हा मी नुसती मान हलवली. सोमवारी अहवाल बाजूला ठेवल्यावर तिनेच पुन्हा विषय काढला आणि एवढंच म्हणाली, “बाई, तोपण.”

ता. क. शेवटचं. हे पत्र मी पाठवण्याआधी तिला दाखवलं, तिच्याबद्दल आहे म्हणून. पन्नास मिनिटं लागली. ‘पॉज’ राहू द्या म्हणाली, ते खरं आहे. खोडलेला शब्द ‘बिचारी’ होता, तो तिने स्वतः खोडला. तुम्ही पत्र शेवटून वाचता का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, माझे मामा सुरुवातसुद्धा वाचत नाहीत. मग ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, मामींचं तर त्यांनाच वाचायला लागेल ना, मोठ्याने. तेव्हा वीस तारखेच्या आधी या. त्या कारखान्यात एक स्टूल आहे, बसून वाचता येतं. खाली तिने आपल्या हाताने लिहिलं आहे, आणि तुमच्यासाठी शेजारी जागा सोडली आहे.

वाचून पाहिले.                    ____________